पिठाचा परत दाणा होत नाही

६ सप्टेंबर १९९९
नाही म्हणाला! साहेबांना तोंडावर नाही म्हणाला!

आज डिरेक्टरी सर्व्हरवर पासवर्डचे नियम चालू केले. कारखान्यातल्या सगळ्यांची नावं या एकाच मशीनवर. कुणीही कुठल्याही कॉम्प्युटरवर बसो, आत सोडायचं की नाही ते हाच ठरवणार. आठ अक्षरं हवीत, आकडा हवा, स्वतःचं नाव नको, महिन्याला नवा, तीनदा चुकलं की खातं बंद. आदिनाथ साहेबांनी स्वतःचंच नाव टाकलं — नापास. पुढे एक जोडला — नापास! "मॅडम, मी मॅनेजर आहे हे सांगा त्याला." काय सांगू? त्याला साहेब आणि शिपाई सारखेच. मला तर हात जोडावेसे वाटले.

९ सप्टेंबर
स्टोअरच्या छबूबाईंचं खातं पुन्हा बंद. जुना पासवर्ड अख्ख्या स्टोअरला पाठ होता, नवा त्यांनाच आठवत नाही. साहेब भडकले — "अजून एकदा झालं की बाईंना पॅकिंगला टाका." पॅकिंगला रात्रपाळी असते. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. "मालकांना रातच्याला पानी कोन पाजंल, मॅडम?"

त्यांच्यापुरता नियम काढून टाकणं माझ्या हातात होतं. काढला नाही. जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

१० सप्टेंबर
युक्ती सांगितली — कधीच विसरणार नाही असं एक वाक्य धरा, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर टाका, मधे आकडा. छबूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "उखाना चालंल का? लग्नात घेतल्याला?" चालेल म्हणजे काय, पळेल! लगेच म्हणून दाखवायला लागल्या. मी कानांवर हात ठेवले — मलासुद्धा नाही सांगायचा!

पहिल्या झटक्यात पास.

११ ऑक्टोबर
महिना भरला. बाईंनी तोच उखाणा परत टाकला आणि सर्व्हरनं ओळखला! "म्हंजी ह्याला माजा उखाना म्हाईत हाय?" लाजून लाल.

म्हटलं, नाही हो. टाकलेल्याचं तो पीठ करून ठेवतो. पिठाचा परत दाणा होत नाही, मलाही करता येत नाही. नवं दळण आलं की पीठ जुळतं का, एवढंच बघतो.

"आसं. ऐकतो, पन त्याला कळत न्हाई."

इतकं सरळ मला कुणी शिकवलं नव्हतं. माहीत नाही, आणि तरी ओळखतो! लिहितानाही अंगावर काटा येतोय.

१२ ऑक्टोबर
नवा उखाणा आधी मालकांना ऐकवून आल्या म्हणे. "लई दिसांनी हसलं आमचं मानूस." गुपित फोडलं! पण यावर ओरडू कशी?

१८ नोव्हेंबर
छबूबाईंचे मालक गेले.

१३ डिसेंबर
छबूबाई आल्या. कपाळ मोकळं. पडद्यावर तेच — मुदत संपली, नवा पासवर्ड द्या. नवरा गेल्यावर बाईनं नाव घ्यायचं नसतं. "मी टाकून देऊ काहीतरी?"

"नगं." दोन बोटांनी, सावकाश टाकला. पास.

मी विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "नाव घे म्हनून आता मला कोन म्हननार, मॅडम? ह्याला कळत न्हाई, तुमीच म्हनला. मग हितंच घेतलं."