सुनंदाच्या पायाखालची जमीन

१४ सप्टेंबर

सुनंदा घरी आली. गाडी गल्लीत वळेना, शेवटी खुर्चीत बसवून घरापुढच्या खळ्यातून आणली. लेकीने, मीनलने भाकरतुकडा ओवाळून टाकला. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालंय, हाड जुळतंय, डॉ. खूश. मधल्या खोलीत खाट टाकलीय.

पण उंबरा ओलांडून वॉकर फरशीवर टेकला आणि ती थांबली. गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स, तिनेच हौसेने पसंत केलेल्या, तोंड दिसतं म्हणून. याच टाइल्सवर स्वयंपाकघराच्या दाराशी दुधाचं पातेलं घेऊन पडली.

"नको. मला उचलून न्या."

उचलून नेली.

१५ सप्टेंबर

मीनल दुपारच्या एसटीने दापोलीला परत. परीक्षा आहे तिची. जाताना चारदा बजावलं, "बाबा, आईला एकटी सोडू नका."

सकाळी फिजिओवाली मुलगी आली, तेजश्री. स्कूटरवरून येते, हसरी आहे. आल्या आल्या घरातली सगळी पायपुसणी उचलायला लावली. "काका, पाय अडकतो यांत." सु. खाटेला धरून उभी राहिली. छान राहिली. पाऊल टाक म्हटल्यावर नाही. "ही फरशी मला परत पाडणार," एवढंच.

तेजश्री जाताना मला बाहेर म्हणाली, पायात ताकद आहे, मनातलं निघायला हवं. लवकर निघालं तर बरं. बसून राहिल्या तर मग...

एवढं बोलून तिने स्कूटर सुरू केली.

१७ सप्टेंबर

आज फरशी पुसली. जन्मात पहिल्यांदा. सगळी नोकरी पोफळीच्या वीजकेंद्रात, तिथल्या वसाहतीतल्या खोलीवर. शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. या घरात मी आठवड्याचा पाहुणा. जेवायचो कुठे ते ठाऊक, फडकं कुठे ठेवतात ते विचारावं लागलं.

सु. खाटेवरून.

"पिळा."

पिळलं.

"अजून पिळा. अहो, तळं करताय काय खोलीत? आणि मागे सरकत पुसायचं. पुसलेल्यावरच पाय देताय."

खरंच देत होतो. कंबर धरली.

१९ सप्टेंबर

एक गंमत झाली. साबणाची पावडर संपली होती, म्हणून नुसतं कढत पाणी घेतलं. फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, परत बुडवलं, तर पाण्यावर फेस. साबण घातला नव्हता, फेस कुठून? पाणी बदललं. पुन्हा फेस.

सु.ला बादली नेऊन दाखवली. बघत राहिली.

"मी रोज मूठभर पावडर घालते. वर झाकणभर फिनेल. चमक यावी म्हणून."

"आणि नंतर नुसत्या पाण्याने?"

"नंतर कोण पुसतंय!"

म्हणजे वर्षानुवर्षांचा साबण वाळून बसलाय तिथे. थेंबभर पाणी सांडलं की तो जागा होणार.

मला वाटलं, तिला वाईट वाटेल. झालं उलटंच. म्हणाली, "म्हणजे माझा पाय लटपटला नव्हता."

"नाही गो."

"मला वाटलं होतं, संपलं. शरीरानेच दगा दिला. आता हे असंच."

इतके दिवस हे एकटीच मनात धरून होती. मला कळलं नाही.

२१ सप्टेंबर

खाटेपासून दारापर्यंतचा पट्टा केला. कढत पाणी, नारळाचं सोडण, काथ्याचं, घेऊन घासलं, सांध्यांतून जुना दातांचा ब्रश. पाणी पांढरं निघालं. फेस येईनासा होईपर्यंत पाणी बदलत राहिलो. शेवटी कोरड्या पंच्याने टिपून घेतलं. चमक गेली, पण हात लावला की आता हात अडतो.

सु. म्हणाली, दाखवा. खाटेवर बसून अनवाणी पाऊल खाली ठेवलं, पुढेमागे घासून पाहिलं. मग वॉकर धरला. तेजश्री बाजूला, मी समोर. चालली! धुतलेला पट्टा संपतो तिथे बरोबर थांबली, जसं काही पुढे विहीर आहे.

"पुढचं कधी धुणार?"

फोनवर मीनलला सांगितलं. रडली, मग हसली. "बाबा, मग आणखी घासा!"

२५ सप्टेंबर

रोज थोडं पुढे. मी घासतो, ती येते. आज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. तिथे जरा उभी राहिली. पडली ती जागा. मग आत वाकून बघून म्हणाली, "गॅसची शेगडी अशी ठेवतात?"

मीनलचं म्हणणं, सगळ्या टाइल्स फोडून खरखरीत बसवा. बघू म्हटलं. आता घर फोडलं तर ही जाणार कुठे?

२८ सप्टेंबर

वाईट दिवस. रात्रीपासून परतीचा पाऊस, हवा दमट, वारा नाही. सकाळी सगळ्या फरशीला घाम. मी पुसून काढली, तरी पुन्हा दव धरलं. तेजश्री म्हणाली आज राहू दे. सु. म्हणाली दारापर्यंतच जाते. वॉकरचा एक पाय सरकला. तेजश्रीने कंबरेला धरली म्हणून वाचली. लागलं काही नाही.

पण सु. खाटेवर गेली ती भिंतीकडे तोंड करून.

पेज केली. अर्धी ठेवली.

३० सप्टेंबर

काल नाही, आज नाही. तेजश्रीने समजावलं, मी समजावलं. ऊन पडलंय, फरशी कोरडी ठणठणीत आहे. तोंड भिंतीकडेच.

संध्याकाळी आपण होऊन बोलली. "लाकडाला घाम फुटत नाही."

माडीबद्दल म्हणत होती. वर फळ्यांची जमीन, फणसाच्या फळ्या. तिचं शिवणाचं मशीन, कापड बेतायचं टेबल, खिडकीतून भाट्याची खाडी. लग्न झाल्यापासून तिचा दिवस तिथेच जायचा. मी घरी यायचो तेव्हा वरून मशीनचा आवाज यायचा, तेवढीच माझी ओळख त्या खोलीची.

"उद्या खंडेनवमी. मशीनला हळदकुंकू लागायला हवं."

"खाली आणतो मशीन."

"नको. मशीन नको खाली. मला वर न्या."

जिना उभा आहे. कशी नेणार?

१ ऑक्टोबर

माडीवर गेलो, पूजा करायला. ती पडल्यापासून बंदच होती. दार उघडलं तर कुबट वास, फळ्यांवर हिरवट बुरशी, खिडकीखालची एक फळी फुगून वर आलेली. मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

मग झाडू घेतला. फळ्यांच्या फटींतून टाचण्या, हुक, टिकल्या निघाल्या. वाटीभर. बेतायच्या टेबलापुढची बुरशी पुसली तर तिथे लाकूड वेगळंच. काळसर, मऊ, ओढ्यातल्या दगडासारखं. आणि खोलगट. दोन जागी. हात फिरवल्यावर कळलं. ती इथे उभी राहायची.

किती उभी राहिली असेल!

खाली येऊन सांगितलं. वाटी तिच्या हातात दिली.

"उजवीकडचं जास्त खोल असेल," म्हणाली.

"तुला माहीत आहे?"

"माझेच पाय ते. मला नाही तर कोणाला?"

हुक आणि टाचण्या वेगळ्या करत बसली. दुपारी जेवली नीट.

३ ऑक्टोबर

माडी धुवायला काढली. खालच्या फरशीवर जमलं तेच केलं, बादली ओतली. मग खालून आरोळी.

"अहो! पाणी! माझ्या डोक्यावर!"

धावत खाली. फटींतून धार, थेट तिच्या खाटेवर. उशी भिजली, ती भिजली.

"लाकूड आहे ते! घाट नव्हे, बादल्या ओतायला!"

तोंडाला येईल ते बोलली. बोलता बोलता हसायला लागली. थांबेचना. पदराने तोंड पुसते, पुन्हा हसते. पडल्यापासून पहिल्यांदा.

खिडक्या उघड्या टाकल्या, पंखा लावला. वाळेल.

७ ऑक्टोबर

आता शिकून घेतो, मग हात लावतो. लाकडाला फडकं लावायचं ते इतकं पिळलेलं की जमिनीवर ओल दिसता कामा नये, आणि लगेच कोरडं फिरवायचं. बुरशी गेली. फुगलेली फळी वाळून बरीच बसली, स्क्रूने आवळली. पॉलिशपेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवा घासला तर ओरखडे कायमचे, असं खालून तीनदा ऐकलं.

टेबलापुढच्या त्या दोन जागांना पेपर लावला नाही.

तेजश्रीला जिन्याचं विचारलं. डोकं हलवत वर बघितलं तिने. मग, "दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवा, काका. मग सुरू करू. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा."

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन कडकडीत. सु. म्हणाली होती, पाऊस पूर्ण जाऊ दे, मगच तेल. ओलं लाकूड तेल पीत नाही. आज जवसाचं तेल, पातळ हात. फणसाचा पिवळा रंग असा वर आला की मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

"जास्तीचं पुसून काढलंत?" खालून.

"हो."

"खरं सांगा."

पुसायचं होतं अजून. उत्तर द्यायला जिन्यात आलो, तर ही जिन्याच्या पायथ्याशी. वॉकर धरून उभी. एकटी! खाटेपासून तिथपर्यंत सगळी फरशी ओलांडून आलेली.

"वास आला तेलाचा," म्हणाली. "राहवेना. आणि तुमच्यावर भरवसा नाही."

बोललो असतो तर घाबरली असती. वर जाऊन जास्तीचं तेल पुसून काढलं. तेलाची फडकी खळ्यात दोरीवर पसरून टाकली. बोळा करून ठेवलात तर पेट घेतील, हेही तिचंच.

१६ ऑक्टोबर

कठडा बसला. जिना रोज थोडा. चढते बरी, उतरताना हात कठड्यावरून सुटत नाही. खाली बघितलं की पाय थिजतो. आज मधेच बसली पायरीवर. तेजश्री शेजारी बसली, दोघी साडीच्या फॉलबद्दल बोलत होत्या म्हणे. मग उतरली.

मीनल शुक्रवारी येतेय. दिवाळीला.

१९ ऑक्टोबर

आज वर पोचली.

मी मागे, मीनल पुढे. तेजश्रीची आज सुटी, म्हणून नको म्हणत होतो. "दिवाळीत शिवणघराला दिवा कोण लावणार?" असं म्हणून सु.ने कठडा धरला.

मीनलने दार उघडलं. सु. चौकटीला धरून उभी राहिली, चपला काढल्या. फळ्यांवर पाऊल ठेवलं. खोलभर नजर फिरवली, कोपरे बघितले, खिडकीखालची फळी पायाने दाबून पाहिली.

"बरी झालीय," म्हणाली.

तिच्या तोंडून बरी म्हणजे काय, ते मला आता कळायला लागलंय.

मशीनवर बसली, चाक फिरवून पाहिलं. दुखरा पाय पायट्यावर ठेवला, नुसता ठेवला. मीनलचं ब्लाऊजपीस पिशवीत होतंच. मला वाटलं होतं पाच मिनिटं. दुपार झाली. चहा वर. ऊन खाडीवर उतरलं.

"आई, चल ना आता."

"उतरायचं?" जिन्याकडे बघितलं तिने. चेहरा पुन्हा तसाच, पहिल्या दिवशी उंबऱ्यात होता तसा. मग मान वळवली. "आज नको. आज चढले तेवढं पुरे."

तेजश्रीला फोन लावला. म्हणाली, घाई नको, उद्या सकाळी येते, उतरणं नव्याने शिकू. आणि नाहीच जमलं उद्या तर? ती म्हणाली, बघू.

अंथरूण वर नेलं. पाण्याचा तांब्या, औषधं, वॉकर. मीनल भात घेऊन येतेय. मी पणत्या शोधतोय, त्या कुठे ठेवतात ते विचारायला पुन्हा वर जायला हवं.