उजवीकडचं दार

१७ ऑक्टोबर १९७१, रविवार

याकोबची रजा संपत आली. चर्चमधून आल्याबरोबर त्याला गॅरेजच्या कोब्यावर आडवा पाडला. म्हटलं, पाय लांब कर, पेडलवर ठेवल्यासारखे. आणि खडूनं सगळा गिरवून घेतला — डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत! आम्हा पत्रेवाल्यांना कागदावरचं माप कळत नाही. जमिनीवर खरं माप काढायचं आणि शेजारी गाडीची चासी उभी करायची.

माझा धाकटा भाऊ, पण केवढा ताडमाड! आई दारातून ओरडली, “आरं, जित्या मानसाची अशी रेघ काढत्यात व्हय!” हा हसत सुटला. कमरेपाशी रेघ हलली.

१८ ऑक्टोबर

स्टेशनवर सोडला. गाडी सुटेपर्यंत भांडत होता. आम्ही बनवतोय त्या रेसच्या जॅग्वार गाडीचं आमच्याकडे एकच चित्र — छावणीच्या रद्दीतलं, तेही डाव्या बाजूचं. डावीकडे दार नाही. मी म्हणतो, उजवीकडेही नसणार, रेसवाला उडी मारून बसतो. हा म्हणतो, “ड्रायव्हरच्या बाजूनं दार हायच, दादा. पैज!”

म्हणे दार! पलटणीत रणगाडा चालवतो, त्यात काय दारातून शिरतो?

२१ नोव्हेंबर

बॉनेट झालं. खाली लिलावातली मिलिटरीची जुनी जीप, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. वाळूच्या पिशवीवर धरून लाकडी मोगरीनं ठोक ठोक ठोकला, तेव्हा कुठे गोलाई आली. शेजारचा वेल्डर बन्सी म्हणाला, “लई भारी! मांजर दबा धरून बसल्यावानी दिसतीय.” याकोबला कळवायला हवं.

४ डिसेंबर

लढाई लागली.

२६ डिसेंबर

काल नाताळ. करंज्या केल्या नाहीत. लढाई थांबली आणि चार दिवसांनी तार आली — याकोब बेपत्ता.

बेपत्ता म्हणजे काय? मेला म्हणा, जिवंत आहे म्हणा, काहीतरी एक म्हणा ना! हरवायला तो काय रुमाल आहे?

१६ जानेवारी १९७२

आई म्हणते, चर्चमध्ये त्याच्या नावानं स्मरणाची प्रार्थना ठेवू. “किती दिस त्याला असं मधीच लटकत ठेवायचं रं?”

डोक्यात तिडीक गेली. तिला नको ते बोललो. गॅरेजमध्ये आलो, घण उचलला आणि बॉनेट चेचलं. बन्सीनं मागून मिठी मारली तेव्हा थांबलो. मग तिथंच बसून रडलो, लहान पोरासारखा. कुणासाठी ठोकत होतो एवढं? बन्सीनं बिडी पेटवून माझ्या हातात दिली.

१७ जानेवारी

काही केलं नाही. पडून होतो.

३० जानेवारी

खडूची ती आकृती अजून पुसली कशी नाही, याचं मला नवल वाटायचं. आई झाडताना बाजूबाजूनं झाडते, एवढं ठाऊक होतं. आज जेवण उरकून अवचित गॅरेजात आलो तर आई गुडघे टेकून बसलेली. हातात खडू! पुन्हा गिरवत होती. मला बघून ओशाळली.

“पाय जरा मोठं झालं का रं?” म्हणाली.

झालेत. चांगले बोटभर मोठे झालेत. मी म्हटलं, नाही गं, बरोबर आहेत.

प्रार्थनेचं तिनं पुन्हा काढलं नाही.

१३ फेब्रुवारी

नवीन बॉनेट ठोकून झालं. उजवी बाजू घेतली. दार ठेवलं. माझं मत तेच आहे, पण ठेवलं. जिंकला लेकाचा! येऊ दे आणि हसू दे माझ्या तोंडावर.

५ मार्च

जिवंत आहे! जिवंत आहे!

राहुरीचा सूर्यभान, याकोबच्या पलटणीतला, सुट्टीवर आलाय. दारातच म्हणाला, “काकू, जिता हाय तुमचा. तिकडं कैदेत हुता. जखमी कैद्यांची अदलाबदल झाली, त्यात सुटला. आता दवाखान्यात हाय.” मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघतो. तर म्हणे, “येऊ नका. मीच येतो म्हनलाय.”

कुठल्या दवाखान्यात, तेही सांगेना. “त्यानं शपथ घातलीय.” न कळवता दारात येऊन उभं राहायची याकोबची खोड जुनीच!

सूर्यभानला गाडी दाखवली. म्हटलं, हे पेडल बघ, त्याच्या तंगड्यांच्या मापाचं, दुसऱ्या कुणाचे पाय पुरायचे नाहीत! तो पेडलकडे बघतच राहिला. “लई छान,” म्हणाला. आईनं चहा ठेवला होता, तो न घेताच गेला. विचित्र माणूस!

९ एप्रिल

हिरवा रंग दिला. अंगभर हिरवा झालोय. आई करंज्या करतेय — एप्रिलात! बन्सी आल्या आल्या चार खाऊन गेला.

१९ एप्रिल

आला.

मिलिटरीच्या गाडीतून दोघांनी उचलून उतरवला. दोन्ही पाय गुडघ्यापासून नाहीत. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, खाली बघितलंच नाही तिनं.

“गाडीत बसव,” म्हणाला. मी आणि बन्सीनं उजवीकडचं दार उघडून आत सरकवला. दार होतं म्हणून जमलं. “जिंकलो ना पैज?” म्हणाला. मग त्याची नजर कोब्यावर गेली.

“दादा, गुडघ्याखालचं पूस.”

फडकं ओलं करून पुसायला बसलो. आईनं इतक्यांदा गिरवलेलं, लवकर निघेना.