खांदा, खर्रा आणि इन्स्पेक्टर

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.
उजवा हात कॉलरच्या वर जात नाही. नेला की जीव जाते. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, सत्तावीस दिवस उरले. तिथल्या नाटकात अठरा वर्षांपासून इन्स्पेक्टर मीच. शेवटच्या सीनमध्ये पिस्तूल ताणून ‘हँड्स अप’ म्हटलं की पब्लिक शिट्ट्या मारते. डायरेक्टर चैतराम हल्ली गावातल्या जवान संघदीपकडे पाहून राहिला. समजते मला.
निर्णय: गोंदियाला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर. सुयांना मी भीत नाही. शाळेत लस टोचायला आले तेव्हा पळालो होतो, पण ते दुसऱ्या कामासाठी.

१३ ऑक्टोबर.
उपाशी गेलो. तपासणी म्हटली की उपाशी, एवढं कोणालाही कळते. बायको, अल्का, म्हणत होती की सुयावाल्या मॅडमनं फोनवर थोडं खाऊन या म्हटलं. तिनं नीट ऐकलं नसेल.
नवी जीन्स घातली. पहिल्या भेटीत इम्प्रेशन पाहिजे. तर मॅडम म्हणे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करा, खांद्याचा एक पॉइंट पिंडरीवर, म्हणजे पोटरीवर आहे. दुखणं कुठं, सुई कुठं! पॅन्ट वर गेलीच नाही. ढिले कपडे घालून यायचं, हे आधी सांगायला नको? (अल्का म्हणते, सांगितलं होतं.)
मग मॅडमनं सुई काढली. त्यानंतरचं आठवत नाही. उठलो तेव्हा हातात बिस्कीट होतं. उपाशीपोटी चक्कर येते, असं मॅडम स्वतः म्हणाल्या. म्हणजे भीतीचा विषयच नाही.
माझी वेळ वाया जाऊ नये म्हणून अल्कानं तिच्या दोन वर्षांपासून दुखणाऱ्या गुडघ्याला सुया लावून घेतल्या.

१७ ऑक्टोबर.
आज तीन प्लेट पोहे खाऊन गेलो. ठासून खाल्लेलंही चालत नाही म्हणे. हलकं पाहिजे.
मॅडम जीभ पाहतात, म्हणून सकाळी ब्रशनं खसाखसा घासली. दसऱ्यापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला, असं अल्काला सांगून ठेवलं आहे. मॅडमनं पाहिलं अन् म्हणाल्या, जीभ घासून येऊ नका, आहे तशी दाखवा. पुढं अल्कासमोरच विचारलं, दिवसाला किती खर्रे? तीन म्हणालो. पाच आहेत.
अल्का माझ्याकडं पाहून राहिली. सुई आज नकोच म्हणालो. मन स्थिर नव्हतं.

२४ ऑक्टोबर.
लागली! एक सुई. केसासारखी. मुंगी चावल्याएवढंही झालं नाही. वीस मिनिटं हलायचं नाही, मोबाइल बंद. माझा चालू होता, महत्त्वाच्या माणसाचा राहतेच. चौथ्या मिनिटाला चैतरामचा फोन. तालमीपुरता संघदीप इन्स्पेक्टर, म्हणे. मी उठून बसलो. सुई वाकली. मॅडमनं काढून घेतली. एका बैठकीनं होत नाही, आठ तरी लागतील, म्हणाल्या.

१ नोव्हेंबर.
अल्काची पाचवी बैठक. मी सोबतीला. बाहेर नवीन पेशंट बावरून बसले होते, त्यांना सगळं समजावलं: हलकं खा, ढिले कपडे घाला, जीभ घासू नका, चालू गोळ्या सांगा, सुई लागली की हलू नका. सगळे ऐकून राहिले. एका बाईनं विचारलं, तुमच्या किती बैठका झाल्या? मी पाणी प्यायला उठलो.

९ नोव्हेंबर, रविवार.
काल मंडई झाली. इन्स्पेक्टर संघदीप. मला चोराचं काम. चैतराम म्हणाला, डायलॉग नाही, फक्त हात वर करायचे.
‘हँड्स अप’ झालं. डावा वर गेला. उजवा कॉलरपाशी थांबला. संघदीप पुन्हा ओरडला. उजवा तिथंच. शिट्ट्या आल्या, माझ्यासाठी नव्हत्या. लय वाईट वाटलं. पुढं चटईवर अल्का दोन वर्षांनी मांडी घालून बसली होती. सगळे हसले, ती हसली नाही.
आज चहा देताना म्हणाली, “उद्या तुमचा नंबर लावला. येता ना?”
मी विचारलं, सुया किती.
“आठ.”
उद्या चैतरामकडे धानकापणी आहे. त्यानं बोलावलं नाही, पण अशा वेळी माणसानं स्वतःहून गेलं पाहिजे.