भट्टीचं झाकण

२६ ऑक्टोबर १९९३
अवधूतनं दसऱ्याच्या पूजेत नारळ फोडला — कुठे, तर माझ्या विजेच्या भट्टीच्या झाकणावर! आत विटा आहेत रे, नवरोबा! आरपार तडा. आज भाजलेले पेले काढले. वरचं काचेसारखं ग्लेझ वितळलंच नाही, खडूसारखं पांढरं! सगळी धग वरून पळतेय.

२९ ऑक्टोबर
बोटं मिटेनात. संधिवात. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "मातीचं चाक आता बंद." म्हणजे फळीवरचे, भाजायचे राहिलेले निळ्या ग्लेझचे वाडगे माझे शेवटचे. ते बिघडले तर हात कुठून आणू? खूप रडले.

१ नोव्हेंबर
भट्टीची कंपनीच बंद पडलीय, नवं झाकण मिळणार नाही. पनवेलात कोण दुरुस्त करणार? अवधूत झाकणावर घालायला अॅसबेस्टॉस आणायला निघाला. "फुकट मिळतंय गं!" मी ओरडलेच — छातीत जातं ते!

शेवटी त्याच्या मित्राला विचारलं. कमलाकर तळोज्याला भट्ट्या बांधतात. "वहिनी, सिरॅमिक फायबरची गादी देतो. पण तीही कुसळंच हो! मास्क लावून, ओली करूनच कापा. वायरींपासून लांब ठेवा, बघायचं भोक बुजवू नका. बिजागरीवर भार नको — झाकण लावल्यावर नुसती वर पसरा, उघडण्याआधी काढा."

४ नोव्हेंबर
काल अवधूतनं गादी कापली. मास्क, फुल शर्ट, डोक्याला टॉवेल — अगदी चोर दिसत होता! किती दिवसांनी हसले. गादी वाळली, वाडगे आत लावले. भट्टी सुरू. देवा, एवढंच दे. पुन्हा काही मागणार नाही.

५ नोव्हेंबर
भोकातून पाहिलं. आतला शंकू वाकला! म्हणजे हवी तेवढी धग मिळाली. भट्टी बंद केली.

६ नोव्हेंबर
स्टँडजवळून भाजी घेऊन आले तर झाकण उघडं. शेजारी अवधूत, हातमोजे घालून. एरवी दुसऱ्या दिवशी उघडतो, म्हणून उघडलं म्हणे. वाडगे टेबलावर मांडून मला चकित करायचं होतं. पण गादीनं धग धरून ठेवली होती ना! गार हवा लागली. टण्... टण्... एकेक वाडगा तडकत होता. आणि निळा रंग काय सुरेख आला होता!

"अगं, मला वाटलं —" एवढंच बोलला. मी त्याला काय काय बोलले ते लिहवत नाही.

९ नोव्हेंबर
अवधूत चाकासमोर जाऊन बसला. "शिकव मला."
मातीचा गोळा चाकावर ठेवला. मग म्हटलं, "आधी अंगठी काढ."