रजेचं कारण

९ नोव्हेंबर

प्रिय चिमणीस,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील, लेकही आता शाळेत जात असेल. इन-चार्ज बाईंचं पत्र बघून बुचकळ्यात पडली असशील. नोकरीत असताना मी तुझ्या हातात कागद दिला तो मेमोचाच.

मार्चमध्ये मी निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्या सिस्टर्सनी माझ्या शिस्तीचं कौतुक केलं, म्हणजे ब्याद गेली म्हणून सुस्कारा टाकला. गुडघे कुरकुरतात. ड्यूटी लावायला घरात कोणी नाही, म्हणून कुंड्यांच्या जागा बदलत बसते.

परवा आपले औषधवाले भाऊ भेटले. त्यांना तू बाजारात दिसलीस म्हणे. "अजून लिहितेस का गं?" असं त्यांनी विचारलं, तर तू हसून म्हणालीस, "भाऊ, वेळ कुठंय?" ते सहज सांगून गेले.

तुझा तो रजेचा अर्ज मला आठवतो. चार दिवस हवे होते आणि कारणाच्या रकान्यात तू लिहिलं होतंस, 'गोष्ट पूर्ण करायची आहे'. आपल्या वॉर्डात रजेसाठी नातेवाईक मारायची पद्धत होती. एका सिस्टरचे एकच आजोबा तीनदा वारले आणि तिन्ही वेळा मी डोळे झाकून सही केली. तू तेवढी खरं बोललीस, आणि मी तुझा अर्ज चहाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. वर म्हणाले, "उद्या कोणी स्वप्न बघायला रजा मागेल." सगळे हसले. तूही हसलीस, मग मान खाली घालून ड्रेसिंगचा ट्रे भरायला गेलीस.

माणसं कमी आहेत, हे कारण मी दिलं. ते खरं होतं. कमी का होती, ते मात्र सांगितलं नाही. तेच चार दिवस मी स्वतःसाठी घेतले होते, 'भाचीचं लग्न' म्हणून. मला भाची नाही.

मलाही लिहायचं होतं गं. पेशंट, सासूबाई, मुलांच्या परीक्षा यांतून वेळच मिळत नाही, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. वेळ मिळाला तेव्हा पहिल्या दिवशी डबे घासले, दुसऱ्या दिवशी पडदे धुतले, तिसऱ्या दिवशी नवी पेनं आणली. चौथ्या दिवशी टेबलाशी बसले आणि एक ओळ उमटली नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तुझे चार दिवस मी डबे घासण्यात घालवले.

आणखी एक आहे. अर्जाच्या आधी तू मला तुझी अकरा पानं वाचायला दिली होतीस. मी "छान आहे" म्हणाले. वाचली नव्हती. तू दोनदा परत मागायला आलीस, दुसरी प्रत नाही म्हणालीस, आणि दोन्ही वेळा मी "शोधते" म्हणून तुला वाटेला लावलं. ती माझ्या कपाटातच होती. भाऊ भेटून गेल्यावर ती काढली आणि एका बैठकीत वाचली. घराला कुलूप लावून, किल्ली शेजारणीला देऊन निघालेली तुझी बाई जिन्यात थांबते, तिथे पानं संपतात. ती कुठे निघाली होती, का थांबली, हे मला जाणून घ्यायचंय. पण विचारायला तोंड राहिलेलं नाही. पानं सोबत पाठवते आहे.

माफी मागत नाही, ती फार स्वस्तात पडेल. पण एवढं तुला कळायला हवं. वाचताना वाटलं, ही पोर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिते. आणि हे मला अर्ज नाकारला त्या दिवशीच, पानं न वाचताच, ठाऊक होतं.

आता कोणाचीच इन-चार्ज नसलेली,
तुझ्या वॉर्डातल्या मोठ्या बाई