फासळीवरची खूण

७ मे, मंगळवार

नको होतं करायला! दुपारी सोनोग्राफीची खोली रिकामी होती. दाराला कडी घातली, पोटावर जेल चोपडलं आणि स्वतःच स्वतःला तपासलं. पाचवा महिना. डॉक्टर मॅडम पुढच्या आठवड्यात बघणारच होत्या, पण मला धीर कुठला! सात वर्षं याच मशीनवर दुसऱ्यांची बाळं बघतेय, म्हटलं आपलं जरा निवांत बघू.

बाळाच्या डाव्या फुप्फुसात पांढरा गोळा. हृदय उजवीकडे ढकललेलं. पोट न पुसताच कपडे सारखे केले.

८ मे

मॅडमनी बघितलं. आधी खरडपट्टी काढली — "स्वतःवर मशीन? वेड लागलंय का तुला?" — मग एकदम मऊ बोलायला लागल्या. तेव्हा खरी घाबरले. फुप्फुसाचा एक भाग चुकीचा वाढलाय. कधी आपोआप आक्रसतो. कधी जन्मानंतर ऑपरेशन करून काढतात, मूल धडधाकट राहतं. पण वाढतच गेला तर हृदय दाबलं जातं, बाळाच्या अंगात पाणी साठतं. मग वाचणं कठीण. थांबवायचं, म्हणजे गर्भपात करायचा असेल तर महिनाअखेरीच्या आत ठरवा, म्हणाल्या.

नवऱ्याला सांगितलं. तो चष्मा पुसत राहिला. "तुला यातलं कळतं. तू म्हणशील तसं." झालं! सगळं माझ्या गळ्यात.

१० मे

सासूबाईंचा फोन. "अगं, फोटोत माझंसुद्धा नाक वाकडं येतं. एवढं काय मनाला लावून घेतेस?" हसले. फोन ठेवल्यावर रडले.

१३ मे

मॅडम म्हणतात, दोन आठवड्यांनी बघू. मला कुठला दम निघतोय! रोज दुपारी कडी घालते आणि मोजते. वाढतोय. कालच्यापेक्षा आज थोडा जास्तच. घरी गेले की नवरा नुसता माझ्या तोंडाकडे बघतो. "वाढलाय," म्हणते. तो अर्ध्या जेवणावरून उठतो.

१६ मे

परत वाढला. भीती वाटते. जिन्यात, बाथरूममध्ये, पेशंटशी बोलताना — वाटतच राहते. आज एका बाईला म्हटलं, "बाळ छान आहे हं." आणि तिचा इतका राग आला!

१८ मे

ठरलं. थांबवायचं. मीच म्हटलं. बाळाला श्वासासाठी तडफडताना मला बघवणार नाही. नवऱ्याने मान हलवली. मोठ्या हॉस्पिटलात शुक्रवारची वेळ घेतली. त्याआधी तिथले डॉक्टर एकदा बघणार, तसा नियमच आहे.

१९ मे

काही लिहवत नाही.

२२ मे, बुधवार

नवऱ्याला रजा मिळाली नाही, एकटीच गेले. डॉक्टर म्हातारे, बोलणं मोजकं. तीनदा मोजलं. "वाढलेला नाही. तुमच्या मॅडमच्या रिपोर्टात आहे तेवढाच आहे."

शक्यच नाही! रोज मोजताना मोबाईलवर काढलेले मशीनचे फोटो दाखवले. त्यांनी एकावर बोट ठेवलं. "मोजायची ही खूण कुठे टेकवलीत? बघा नीट." फासळीवर! गोळ्याच्या बाहेर. आणि दर फोटोत आणखी थोडी बाहेर. याच चुकीसाठी मी नव्या मुलींना फैलावर घेते! "घाबरलेल्या माणसाने मोजू नये," एवढंच म्हणाले. पाणी कुठेही नाही. बाळ बहुतेक तरेल. "शुक्रवारचं घरी बसून पुन्हा ठरवा."

बाहेर येऊन पायरीवरच बसले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत! बाळ हवंय मला. हवंय!

२३ मे

काल रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "उद्या फोन करून शुक्रवारचं रद्द करूया." त्याने चष्मा काढून बाजूला ठेवला. मग — "गोळा लहान असो नाहीतर मोठा. मला नाही झेपणार गं. तू थांबवूया म्हणालीस ना, तेव्हा मी सुटलो होतो."

आज भांडी घासताना पोटात लाथ बसली. पहिली. त्याला सांगितलं नाही.