काट्यावरचा शिक्का

माय, तुला जाऊन बारा वर्षं झाली, पण आज असा वैताग आलाय की बोलायला दुसरं कुणी सुचेना. वजनमापं तपासायची सरकारी नोकरी लागली तेव्हा तू अख्ख्या शिरूर कासारात साखर वाटलीस. आता तुझा लेक काय तपासतो ते ऐक. वरून परिपत्रक आलंय: यंदा आठवडी बाजारावर भर द्या, कारखान्यानं चूक स्वतःहून कळवली तर गुन्हा नको, समज द्या. म्हणून मी धारूरच्या बाजारात कांदेवालीचा तराजू जप्त करतो, ती मला शिव्या घालते, आणि बरोबरच घालते! साखर कारखान्याच्या काट्यावर जायचं तर मात्र आधी फोन करायचा. काटा पारखायला लागतात ती टनाची वजनं आमच्याकडं न्हाईत, न्यायला गाडी न्हाई. म्हणून वजनं कारखान्याचीच, चढवणारी माणसंही त्यांचीच, वर गरम भजी. याला तपासणी म्हणायचं!

मी सात-आठ वर्षांचा असेन. तू उसानं भरलेली बैलगाडी कारखान्याच्या काट्यावर आडवी लावून उभी आहेस. "मोळ्या माझ्या डोक्यावरनं गेल्यात. वजन कमी कावून भरतंय रं?" काटेवाला हसतोय, मुकादम तुला मागं ओढतोय आणि मी लाजून बापाच्या मागं लपलोय. आपल्या पाचटाच्या कोपीवर आल्यावर तू माझ्या मुस्काटात दिलीस. "माय बोलती तवा लपतो कावून?" लई लागलं होतं.

गेल्या आठवड्यात ऊसतोडणीची एक बाई तक्रार घेऊन आली. तिनंही मोळ्या मोजल्या होत्या, दर खेपेला वजन कमी, म्हणजे टनावर मिळणारी मजुरीही कमी. मी कागद तयार केले, तोवर कारखान्याचं गोड पत्र हजर: काट्यात बिघाड होता, आम्हीच दुरुस्त केला.

"मिटलं," साहेब म्हणाले. "शिक्का मार."

"आणि आधी कमी भरलेलं वजन?"

"ते परिपत्रकात कुठंय?"

मी गेलो, भजी खाल्ली, काटा बरोबर असल्याचा शिक्का मारला. आज ती बाई परत आली. गुन्हा होणार न्हाई म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "आन् आमचा गेलेला ऊस?" मी नुसते कागद चाळत बसलो. चीड आली, साहेबाची, त्या परिपत्रकाची, आणि खोटं कशाला सांगू, माझीच जास्त.

उठताना तिनं विचारलं, "सायेब, तुमी आमच्याकडलेच वाटता. गाव कोन्तं?"

हे पत्र कुठं टाकायचंच नाही, म्हणून लिहितो. मी पुण्याचा म्हणालो, माय.